सळईबद्दल एक शब्द नाही

४ सप्टेंबर

लोखंड्या,

हे पत्र एकट्याने वाच. सूनबाईंना वाचून दाखवायला सांगू नकोस, त्यासाठीच अक्षर मोठं काढलंय. फोन केला असता, पण सळया कापून कापून तुझे कान गेलेत, आणि इकडे मी फोन हातात घेतला की पोरगा शेजारी येऊन बसतो. चौथी शिकलेल्या माणसाची एवढं लिहिताना बोटं आखडतात. तरी लिहितो, कारण मला झोप नाही.

पोराने एक खूळ काढलंय. गेल्या महिन्यात त्याला कुणीतरी हॉटेलातल्या सभेला नेलं. थंडगार हॉल, फुकटचा चहा आणि पडद्यावर एक उंच इमारत. ती इमारत तू राहतोस त्या शहरात आहे. म्हणजे अजून नाही, व्हायची आहे. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट आत्ता, बांधायच्या आधी घेतला तर स्वस्त. तीन वर्षांनी तयार झाला की किंमत दीडपट, भाडं परदेशी पैशात. पोरगा घरी आला तो चपला न काढताच बोलायला लागला. स्वतःच्या लग्नात तो इतका खुशीत नव्हता, आणि ते लग्न किती टिकलं ते तुला माहीत आहे.

पैसा कुठला, तर आपलं घर गहाण टाकायचं. ह्या दोन खोल्या माझ्या नावावर आहेत, म्हणून सही माझी लागते. एजंटाने वीस नोव्हेंबरची मुदत दिली आहे. परवा तो घरीच आला. गुळगुळीत माणूस, बुटांचा आवाजसुद्धा होत नाही. मी विचारलं, "बिल्डर पळाला तर?"

"बाबा, तिकडे असं होत नाही."

"तिकडे माणसंच राहतात ना? मग होत असणार."

पोराने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तरी मी विचारतच राहिलो. काम मध्ये थांबलं तर दाद कुठे मागायची? तिथल्या कोर्टात, तिथल्या भाषेत? मला इथल्या कोर्टाचा जिना कुठे आहे ते माहीत नाही. तीन वर्षं कर्जाचं व्याज चालू आणि भाडं मात्र शून्य, तेवढे दिवस खायचं काय? त्यांच्या पैशाचा भाव पडला तर? भाडेकरू पैसे न देता निघून गेला तर त्याच्या मागे कोण धावणार? एजंट पोराकडे बघून म्हणाला, "बाबा फार विचार करतात." जणू मला खोकला झालाय.

हिची काळजी निराळीच. चित्र बघून म्हणाली, "चौदाव्या मजल्यावरून टॉवेल उडाला तर आणायला कोण उतरणार?" पोरगा म्हणाला, "आई, तिथे कपडे बाहेर वाळत घालत नाहीत." ही म्हणाली, "मग राहतात कशाला?"

एजंट सांगतो, तिसरा स्लॅब पडलाय, आणि पुढचे हप्ते स्लॅबप्रमाणेच द्यायचे. मोबाइलवर त्याने फिरणारी क्रेनही दाखवली. पण क्रेन काय, कुणाचीही असते. तू जाऊन बघ. एकतीस वर्षं मी सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू ठोकले आणि तू त्यावर सळया बांधल्यास. इमारत जिवंत आहे की मेलेली, हे तुला रस्त्यावरून कळतं. पत्ता वेगळ्या कागदावर लिहिला आहे, हरवू नकोस.

ओळंबा


१९ सप्टेंबर

ओळंब्या,

अक्षर एवढं मोठं काढलंस की समोरच्या बिल्डिंगीतल्या लोकांनीही वाचलं असेल. ते आपली भाषा जाणत नाहीत म्हणून तू वाचलास.

अजून तसाच आहेस. मुकादम तुला ओळंबा म्हणायचा तो उगाच नाही, प्रत्येक फळीला तीनदा दोरी लावून बघायचास. आम्ही सळया घेऊन उन्हात उभे, आणि हा बसलाय एक डोळा मिटून.

माझं बरं चाललंय. खोली स्वतंत्र आहे, खोलीत गरम हवेचं यंत्र आहे. मुलगा दोन पाळ्या करतो, सूनबाई सकाळी सातला जाते. दुपारी मी कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर बसतो. समोरून एक म्हातारा कुत्रा घेऊन जातो, तो हात वर करतो, मी हात वर करतो. चार वर्षं झाली, आमचं भांडण कधी झालं नाही.

पत्ता पाहिला. बसने गेलं तर वळसा पडतो, पण ती जागा माझ्या घरापासून चालतही फार लांब नसावी. गुडघा साथ देईल त्या दिवशी जाईन. इथले लोक म्हणतात, खरेदीदारांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि काम होईल तसाच बिल्डरला मिळतो. कितपत खरं, देव जाणे.

एक विचारतो. फ्लॅट झाला तर तो भाड्यानेच द्यायचा, की तुम्ही दोघं येऊन राहणार? सहज विचारलं. तू आलास तर मला बाकावर सरकून बसावं लागेल, म्हणून आधी माहिती हवी.

लोखंड्या


२ ऑक्टोबर

लोखंड्या,

थट्टा पुरे. मी जागेबद्दल विचारलं आणि तू कुत्र्याबद्दल लिहिलंस.

राहायचं विचारशील तर पोरगा म्हणतो, वर्षातले सहा महिने तुम्ही तिकडे राहा. ही म्हणते, सहा महिने त्या टॉवेलाकडे कोण बघणार. माझं म्हणशील तर, या वयात नवीन जिने शिकायचे, नवीन नळ कुठल्या बाजूला फिरतो ते शिकायचं. नको वाटतं. पण तू तिथे आहेस हेही मनात येतं, खोटं कशाला बोलू.

पोरगा माझ्याशी बोलत नाही. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसतो. काल ही म्हणाली, "अरे, भिंत काय उत्तर देणार आहे?" तो म्हणाला, "बाबांपेक्षा लवकर देईल."

रात्री मला ती नदीकाठची साइट आठवते. चार मजले झाले आणि मालक नाहीसा झाला. आपली दोन महिन्यांची मजुरी गेली, ती गेलीच. पण रविवारी फ्लॅट घेतलेले लोक यायचे आणि नुसते खांबांसमोर उभे राहायचे. एक बाई टेप घेऊन यायची. भिंती नाहीत, खिडक्या नाहीत, आणि ती दोन खांबांमधलं अंतर मोजायची, पडदे शिवायला. तू तिला टेपचं दुसरं टोक धरून दिलं होतंस. मला तिचा राग यायचा. आता वाटतं, ही तशी टेप घेऊन उभी राहिली तर?

पोरगं वाईट नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दुसऱ्याची यंत्रं उघडतो आणि बंद करतो. त्याला एकदा स्वतःचं काहीतरी हवंय. मला ते कळतं, म्हणून तर धड नाहीही म्हणवत नाही. तू जे सांगशील त्यावर मी ठरवणार. लवकर जा. गुडघ्याला तेल लाव आणि जा.

ओळंबा


१७ ऑक्टोबर

ओळंब्या,

गेलो होतो. परवा, मंगळवारी.

तुझ्या एजंटाने खोटं सांगितलेलं नाही. तिसरा स्लॅब झाला आहे. सेंट्रिंग नवीन प्लायचं, टेकू एका रांगेत, कुठे वाकडा नाही. तू असतास तर डोळा मिटायची गरज पडली नसती. भोवती पत्र्याचं कुंपण, रंग दिलेलं. दारावर वॉचमन, हिंदी बोलतो, चांगला माणूस. आत एक नमुन्याची खोली केली आहे, तिच्यात पलंग, दिवा, खिडकीला काच. पलंगावर बसून पाहिला, मऊ आहे.

समोर बसथांबा आहे. औषधांचं दुकान आहे. माझ्या घरापासून मी घड्याळ लावून चाललो, गुडघा धरून चौदा मिनिटं. वाटेत चढ नाही, वहिनींना त्रास होणार नाही. माझी बाग मध्येच पडते.

तुझ्या शंका खऱ्या आहेत, पण शंका काढायच्या म्हटल्या तर माणसाने घराबाहेरच पडू नये. पोराची इच्छा आहे. आपण दोघांनी दुसऱ्यांची किती घरं उभी केली, एखादं आपलं झालं तर बिघडलं कुठे? माझं मत विचारतोस तर, सही कर.

लोखंड्या


२८ ऑक्टोबर

लोखंड्या,

पत्र मिळालं. पोराने मोठ्याने वाचलं, मग हिला परत वाचून दाखवलं. बरोबर दीड महिन्याने तो माझ्याकडे तोंड करून जेवला. म्हणाला, "बघा, काका स्वतः जाऊन आले." ते पत्र त्याने खिशात ठेवलं आहे.

त्याने खिशात ठेवायच्या आधी मी ते सात वेळा वाचलं. आता मी विचारतो त्याचं सरळ उत्तर दे.

तू माझ्या सेंट्रिंगला एकतीस वर्षांत एकदा तरी चांगलं म्हणालास का? आठवून बघ. पाण्याच्या टाकीच्या वेळी खुद्द इंजिनिअरने पाठ थोपटली, तेव्हा तू म्हणालास, "लाकूड काय, काढूनच टाकायचं असतं." आणि आज तुला कुणा परक्याचे टेकू एका रांगेत दिसले. बरं, म्हातारपणी डोळे निवळले असतील. पण सळई कुठे आहे? पूर्ण पत्रात सळईबद्दल एक शब्द नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात तू मांडवातून उठून शेजारच्या अर्धवट बंगल्याच्या कॉलमला हात लावून आलास आणि जेवणाच्या पंगतीत सांगितलंस की सळयांभोवतीच्या रिंगा लांब लांब टाकल्यात. हिच्या भावाला दवाखान्यात भेटायला आलास, तर त्याला प्रकृती विचारायच्या आधी जिन्याच्या सळया उघड्या पडल्यात म्हणालास. आणि आता तीन स्लॅबची इमारत बघून आलास, आणि सांगतोस काय, तर पलंग मऊ आहे.

तू गेलाच नाहीस असं मला वाटतं. गुडघा दुखला असेल, सूनबाई नको म्हणाली असेल, मग पत्रात काय लिहायचं म्हणून लिहिलंस. तसं असेल तर तसं सांग, मला राग नाही. आणि गेला असशील तर फक्त सळईचं लिही. किती जाड, किती अंतरावर, रंग कसा. बाकी काही नको.

वीस तारीख जवळ येते आहे. मी अंगात कणकण आहे असं सांगून अंथरुणावर पडून राहिलोय. ही कपाळाला हात लावून बघते आणि पांघरूण सारखं करते.

ओळंबा


१० नोव्हेंबर

लोखंड्या,

तेरा दिवस झाले. पत्र तुला आता कुठे मिळालं असेल, उत्तर यायला अजून वेळ आहे, हे मला कळतं. तरी रोज दुपारी दारात जाऊन उभा राहतो. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो.

काल पोरगा अंथरुणाशी येऊन बसला. मला वाटलं ओरडेल. तर हळूच म्हणाला, "बाबा, तुम्हाला ताप नाही."

मी म्हटलं, "नाही."

"मी बेचाळीस वर्षांचा झालो. तुम्ही माझ्या वयाचे असताना ह्या दोन खोल्या बांधून झाल्या होत्या. मी काय बांधलं?"

"तू नको काढूस तसा हिशोब."

"मग कधी काढू? एकदा तरी माझ्या मनासारखं होऊ दे. बुडालो तर माझ्या चुकीने बुडेन."

मला म्हणावंसं वाटलं की तू एकटा नाही बुडणार, तुझी आई पण बुडेल, सत्तर वर्षांची. पण त्याचे केस बघितले. मागून पांढरे झालेत, मी लक्षच दिलं नव्हतं. मी म्हटलं, वीस तारखेला येतो.

आता मी थकलो आहे. शंका घेऊन घेऊन माणूस थकतो, तसा. तुझं उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर जी काय सही करायची ती करीन आणि मोकळा होईन.

ओळंबा


११ नोव्हेंबर

ओळंब्या,

तुझं २८ तारखेचं पत्र परवा मिळालं. दोन दिवस उशीखाली ठेवलं. आज लिहितो आहे, पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईला जास्तीचे पैसे देऊन लवकरच्या टपालाने पाठवतो. ती म्हणाली नऊ दिवस.

मी गेलो होतो. तेवढं खरं आहे. कुंपण खरं, नमुन्याची खोली खरी, पलंग खरा, चौदा मिनिटं खरी. स्लॅब मात्र एकही नाही.

आता सळईचं लिहितो. इमारतीच्या पायातून कॉलमच्या सळया गुडघाभर वर आल्या आहेत आणि तिथेच थांबल्या आहेत. सोळा एमएमच्या. अंतर बरोबर ठेवलंय, बांधणाऱ्याने मन लावून बांधलंय, तार कुठे सैल नाही. पण रंग विचारलास ना, तर विटकरी. हात लावला तर पापुद्रे हातात आले. बांधून किमान दीड वर्ष झालं असणार. मधल्या खड्ड्यात पाणी आहे, पाण्यात गवत आहे. टेकू म्हणशील तर कुंपणाला दोन टेकून ठेवलेत, तेवढेच. वॉचमन म्हणाला, मालकाचे लोक फक्त कुंपण रंगवायला येतात. वेगळ्या खात्याचं विचारलं तर म्हणाला, पाटीवर तसं लिहिलंय खरं.

आता तू विचारशील, मग असं का लिहिलंस.

मी त्या पलंगावर बसलो होतो. खिडकीची काच नुसतीच लावलेली, मागे भिंत. मी बसून विचार केला की इथून माझं घर चौदा मिनिटं. ओळंब्या दुपारी येईल, बाकावर बसेल, कुठल्या तरी भिंतीला नावं ठेवेल. चार वर्षांत मी इथे कुणाशी कशावरूनही वाद घातलेला नाही. मुलगा सून चांगली आहेत, मी त्यांना दोष देत नाही. ती दमून येतात, मला ऐकू येत नाही, तीच वाक्यं तिसऱ्यांदा सांगायचा त्यांना कंटाळा येतो, आणि त्यांनी ती सांगावीत असं मलाही वाटत नाही. मग मी घरी येऊन पत्र लिहिलं. स्लॅबचं खोटं लिहिता आलं. टेकूचं लिहिता आलं, ते तुझं खातं. सळईवर आलो आणि हात चालेना. दोनदा सुरुवात केली आणि खोडलं. शेवटी ते वगळलं आणि वाटलं, तुझ्या लक्षात येणार नाही.

तुमचं घर जाईल हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणणार नाही.

काल मी मुलाला तुमचा फोन लावायला सांगितला. तुझ्या पोराने उचलला. काय बोलला ते सगळं ऐकू आलं नाही, पण खुशीत बोललेलं एवढं आलं, "काका, तुमच्यामुळे होतंय हे." खरं सांगायलाच लावला होता, पण मी फोन परत मुलाच्या हातात दिला.

सही करू नकोस.

लोखंड्या


२६ नोव्हेंबर

लोखंड्या,

मी सही केली नाही.

तुझं पत्र बावीस तारखेला आलं, दोन दिवस उशिरा. त्या बाईला सांग, नऊ नाही, अकरा. म्हणजे सही न करण्यात तुझ्या त्या पत्राचा काही हात नाही.

वीस तारखेला आम्ही तिघं एजंटाच्या ऑफिसात गेलो. हिने पण साडी बदलली. टेबलावर कागद, कागदावर पेन्सिलीने फुल्या, कुठे कुठे सही करायची त्या. एजंटाने पेन उघडून दिलं. मी पेन धरलं आणि पोराला म्हटलं, काकांचं पत्र वाच. त्याने खिशातून काढून वाचलं. मी म्हटलं, ह्यात सळई कुठे आहे? त्याने परत वरून खाली बघितलं. म्हणाला, "नाही आहे. मग?"

मी सांगायचा प्रयत्न केला. मांडवाशेजारचा कॉलम, दवाखान्याचा जिना. एजंट घड्याळ बघत होता. पोरगा म्हणाला, "बाबा, जो शब्द पत्रात नाहीच, त्याच्यापायी तुम्ही माझं नुकसान करताय."

मी म्हटलं, "हो."

पेन टेबलावर ठेवलं, ते घरंगळून खाली पडलं आणि उचलायला कुणी वाकलं नाही. येताना बसमध्ये त्याने सांगितलं की त्याने चार महिन्यांचा पगार आधीच टोकन म्हणून भरला होता. ते परत मिळत नाही. आम्हाला माहीतच नव्हतं. ही बसमध्ये खिडकीकडे बघत राहिली, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा त्याला पाणी दिलं, मग मला.

त्यानंतर तुझं पत्र आलं. दोन दिवस मी ते गादीखाली ठेवलं. दाखवलं तर मी खरा ठरतो, आणि तू खोटा. तुला लहानपणापासून काका म्हणतोय तो. त्याच्या पहिल्या सायकलचं चाक तू सरळ केलंस. न दाखवावं तर तो जन्मभर म्हणणार की बापाने एका शब्दासाठी पाय ओढला, आणि उद्या दुसरा एजंट आला की परत निघणार. मी फार विचार केला. तुला माहीत आहे मी किती करतो. परवा संध्याकाळी त्याच्या हातात दिलं.

तो वाचत असताना मी समोर बसलो होतो. दुकानात यंत्र उघडतो तसा जपून वाचत होता. संपल्यावर घडी घातली. म्हणाला, "म्हणजे काकांनी आपलं घर जाऊ दिलं असतं."

मी म्हटलं, "हो."

"कळून सवरून."

"तसं त्याने लिहिलंच आहे."

"आणि तुम्ही त्यांना परत पत्र लिहिणार."

"लिहिणार."

"का?"

ही आतून म्हणाली, "अरे, ह्यांना तरी काय माहीत." पण त्याने माझ्याकडेच बघितलं, वाट बघत. मी चष्मा काढून पुसायला लागलो. तो उठून गेला. आता तो जेवायला भिंतीकडे तोंड करून बसत नाही, पण बोलतही नाही.

मला तुझा राग आला आहे, लोखंड्या. ह्या कागदावर तो मावायचा नाही, आणि बोटंही दुखतात. हे पत्र मी तीन वेळा फाडलं. हे चौथं. सकाळपासून ते पोराचं "का" माझ्या डोक्यात फिरतंय. एकतीस वर्षं म्हणावं तर ते उत्तर होत नाही. तुला तिथे कुणी नाही म्हणावं तर तेही होत नाही, कुणी नसणारे पुष्कळ असतात. पोस्टाची पेटी पाचला उघडतात, आता साडेचार झाले, आणि मला अजून काही सुचलेलं नाही. तुला सुचलं तर कळव, म्हणजे मी त्याला सांगेन.

ओळंबा